न बदललेला वायसर

"चुना आहे तो, चुना!" वायसरकाका पाण्याची बाटली नाचवत म्हणाले. "बाटलीवर चक्क कॅल्शियम लिहिलंय. सरळ भाषेत त्याला चुना म्हणतात."

"म्हणोत," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "झऱ्याचं पाणी आहे, चव आहे त्याला. तुमच्या त्या मशीनच्या पाण्याने नुसता घसा ओला होतो, तहान जागच्या जागी. म्हणून तर दिवसभर सरबत ढोसता."

"आणि माझ्या छातीत चुना धरला म्हणजे?"

"तुम्हाला चुना लावणारा अजून जन्माला यायचाय!"

मुलगी फिस्सकन हसली. वायसरकाका हसले नाहीत. बाटली उचलून त्यांनी ती दाराबाहेर, चपलांशेजारी नेऊन ठेवली.

नळदुरुस्ती हा त्यांचा धंदा. नळातल्या रबरी चकत्या, म्हणजे वायसर, कायम शर्टाच्या खिशात. म्हणून सगळी वस्ती त्यांना वायसरकाका म्हणे. मुलीच्या लग्नातसुद्धा बायकोने नव्या सदऱ्याचा खिसा आधी झटकून घेतला होता. जन्मभर त्यांनी क्षारांनी तुंबलेले पाइप कापले. बाहेरून पाइप अंगठ्याएवढा जाड आणि आत जेमतेम सुई जाईल एवढं भोक. ते नुकतेच धंदा शिकू लागले होते तेव्हा वडील छाती धरून गेले, आणि डॉक्टर म्हणाले, "नळी बंद झाली होती." नळी! नळवाल्याला नळी म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे दुसरं काय येणार? तेव्हापासून ही भीती त्यांच्या मनात घर करून होती. पाण्यातला क्षार न् क्षार काढून टाकणारं मशीन त्यांनी स्वतःच्या हातांनी ओट्यावर बसवलं. ते पाणी घशाखाली उतरेना, तर त्यात गोड सरबत ओतायला लागले.

आणि आता हत्यारांची पिशवी घेऊन दुसरा मजला चढताना धाप लागत होती. मुलगी माहेरी आली होती, तिने त्यांचं काही चालू दिलं नाही. भांडण झालं त्याच दुपारी त्यांना हृदयाच्या तपासणीला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना डाव्या कुशीवर निजवलं, छातीला गार चिकट काहीतरी लावलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. काळोखात राखाडी रंगाचं काहीतरी उघडत होतं, मिटत होतं.

"हे कोणाचं?" वायसरकाकांनी विचारलं.

"तुमचंच, काका. आत्ताचं. आणि ही बघा झडप."

झडप म्हटल्यावर त्यांची मान उचलली गेली. "एकाच बाजूला उघडते?"

"एकाच."

"उलटं येत नाही?"

"थेंबभर येत असेल. त्याने काही बिघडत नाही. छान बसतेय."

ते बघत राहिले. इवलीशी, पापणीसारखी पातळ. त्यांनी बसवलेल्या पितळी झडपा दोन-चार वर्षांत गळायला लागत. "आणि दुरुस्तीला बंद कधी करायची?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "बंद करून कसं चालेल? आईच्या पोटात सुरू झालंय ते."

वायसरकाकांनी उभ्या आयुष्यात मुख्य कॉक बंद केल्याशिवाय एका नळाला हात लावला नव्हता. आणि हे काम त्यांच्याच बरगड्यांखाली, ते जेवताना, घोरताना, बायकोशी भांडताना, एकदाही पाणी न तोडता चाललं होतं. एक वायसर बदललेला नाही. आपण श्वास मोठा घेतला तर काही बिघडेल, अशा भीतीने त्यांनी हळूच विचारलं, "बाई, याच्यात पाण्याचा चुना बसतो का हो?"

"नाही काका. शरीर म्हणजे पाइप नाही. नळी तुंबते ती मुख्यतः चरबीने. तिथे पुढे कॅल्शियमही साचतं, पण ते पाण्यातून येऊन बसत नाही. उलट पाण्यातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम हृदयाला थोडं चांगलंच, असं काही अभ्यासांत दिसतं. पण ते काही औषध नव्हे. बाटलीवर सोडियम किती आहे तेवढं बघा, तुमचं बीपी जास्त आहे. हृदय चांगलं आहे तुमचं. पण धाप लागते, तिच्या आणखी तपासण्या करू. आणि मघाशी रक्त तपासलं त्यात साखर फार वाढलीय, काका. इतकं गोड कुठून जातं पोटात?"

मुलीने तोंड उघडलं. वायसरकाकांनी तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाले, "सरबतातून."

घरी येईपर्यंत त्यांचा हात छातीवर होता, झोपलेल्या तान्ह्या बाळावर ठेवतात तसा. दारातली बाटली त्यांनी उचलली, चष्मा लावला, लेबल शेवटपर्यंत वाचलं. सोडियम अगदी थोडं होतं. मग उभ्या उभ्याच पेलाभर पाणी प्यायले.

बायको हात पुसत बाहेर आली. "काय म्हणाल्या डॉक्टर?"

त्यांनी पिशवीतून पाना काढला.

"मशीन काढतोय. सरबत उद्यापासून या घरात येणार नाही. आणि झऱ्याच्या बाटल्या मी आणीन."