खरा किटल्या

अनुजाताई शिंत्रे यांनी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं. कोल्हापुरात तीस वर्षं शाळेतली नोकरी, शिवाय मुलांसाठी बावीस पुस्तकं. त्यांतला किटल्या तर पोरांच्या तोंडी बसलेला. गावच्या दूध संस्थेत दूध घालायला निघालेला हा बिलंदर पोरगा वाटेत किटली सांडतो, ओढ्याचं पाणी घालून ती भरतो, आणि संस्थेत सगळ्यांदेखत दुधातून बोटाएवढा मासा निघतो. राजारामपुरीपासून पार चंदगडच्या वाड्यांपर्यंतची पोरं या माशापायी हसून बेजार व्हायची.

कुठल्याही शाळेत गेल्या की एखादं पोर उठून विचारायचंच, किटल्या खरा हाय काय? ताई नुसत्या हसून विषय बदलायच्या. बदलतील नाही तर काय करतील? खरा किटल्या त्या स्वतः होत्या.

नेसरीत त्या दहा वर्षांच्या असताना किटली त्यांच्याच हातून सांडली होती. घरचा मार चुकवायला ओढ्याचं पाणी त्यांनीच भरलं, आणि शाळेला उशीर होतोय असं सांगून ती किटली गल्लीतल्या गुंडूच्या हातात दिली. मासा निघाला तेव्हा किटली गुंडूकडे होती. अनूच्या वडिलांनी त्याला संस्थेच्या दारातच चपलेनं बडवला. शाळेची वाट सोडून मागोमाग आलेली अनू ओल्या परकरात तिथंच उभी होती. गुंडूनं तिच्या परकराकडे एकदा पाहिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. तिनंही काढला नाही.

सत्तरीच्या उंबऱ्यावर ताईंनी आठवणींचं पुस्तक लिहायला घेतलं. अशी पुस्तकं लिहिणारी माणसं आपली गरिबी, आपले कष्ट, आपण खाल्लेला मार सगळं हात सैल सोडून लिहितात. नेमकी आपली लबाडी तेवढी त्यांच्या ध्यानातून जाते. ताईंच्या ध्यानातून तीही गेली नव्हती. किटल्याच्या आठवणीपाशी आल्यावर त्या उठल्या, चहा केला, प्याल्या, आणि परत बसून लिहिलं की खरा किटल्या म्हणजे आमच्या नेसरीचा गुंडू. वर त्याचं आडनावही घातलं. बिचाऱ्याचं नाव पुस्तकात राहील, अशी मनाची समजूत घातली. लाज वाटायला हवी होती ती त्याच दिवशी.

ती वाटली दोन वर्षांनी, भावाचा फोन आला तेव्हा. अमरसिंहनं हसत हसत सांगितलं की गुंडू यंदा दूध संस्थेच्या संचालकपदाला उभा आहे, आणि विरोधी पॅनेलनं तुझ्या पुस्तकातलं ते पान गावाच्या ग्रुपवर टाकलंय. दुधात पाणी घालणाऱ्याच्या हातात संस्था देणार काय, असं खाली लिहिलंय. गुंडूच्या नातवंडांना शाळेत किटल्या म्हणतात.

साठ वर्षं गुंडूनं त्या संस्थेत दूध घातलं होतं आणि एकदाही त्याच्या दुधाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. ताईंना ताटावरून उठावं लागलं.

मतदानाला दोन दिवस होते. ताईंनी सकाळची एसटी धरली. लेखिका गावात आल्या म्हटल्यावर शाळेच्या पटांगणात माणसं जमवायला कितीसा वेळ लागतो? शाल, नारळ, फेटा सगळं झालं. ताईंनी माईक हातात घेतला. त्यांनी सांडलेलं दूध सांगितलं, ओढ्याचं पाणी सांगितलं, खोटं बोलून दिलेली किटली सांगितली. शेवटी म्हणाल्या, "पाणी मी घातलं. मार गुंडूनं खाल्ला. पुस्तकात मी खोटं लिहिलं."

मग पटांगण टाळ्यांनी दणाणलं. सभेचे अध्यक्ष डोळे पुसत उठले. गल्लीतल्या गरीब माणसाला वाचवायला ताईंनी आपल्या माथी दोष घेतला, असं मन कुठं बघायला मिळतं, म्हणाले. ताई माईक ओढून सांगायला लागल्या की अहो, हे खरंच आहे. त्यावर आणखी टाळ्या पडल्या. विरोधी पॅनेलच्या माणसानं तर पाया पडून फोटो काढून घेतला.

गुंडू सव्वाशे मतांनी पडला.

ताई निकालापर्यंत भावाकडेच राहिल्या होत्या. त्या गुंडूच्या दारात गेल्या तेव्हा तो म्हशीला वैरण टाकत होता. त्याच्या बायकोनं, तानाबाईनं, पाट दिला आणि आत गेली. ताईंना मान वर करवेना. पुस्तकाची नवी आवृत्ती काढते, त्यात सगळं खरं लिहिते, असं त्या कसंबसं म्हणाल्या.

"नगं," गुंडू म्हणाला. "अनू, तवा तू गप बसलीस, मार मला बसला. आता तू बोललीस, टाळ्या तुला पडल्या. आणि लिवलंस तर सत्कारबी तुझाच करत्यात की."

एवढं बोलून तो पुन्हा वैरणीला लागला.