पुडीवरचं गाव

दगडूबांनी उपरण्याच्या टोकाची गाठ सोडली आणि आतली माती थेट माझ्या टेबलावरच्या मस्टरवर ओतली.

"बघा सायेब," ते म्हणाले. "आन सांगा, जावं का न्हाई."

मस्टर खराब झालं म्हणून मी जरा चिडलोच. पण माती बघितली आणि चिमूटभर बोटांत घेतली. काळीभोर, मऊ, हाताला चिकटणारी. आमच्या मुळशीत असली माती बघायला मिळत नाही. इथे तांबूस, हलकी जमीन, आणि हातभर खाली गेलं की मुरूम.

मी तेव्हा पौडला शेतकी असिस्टंट होतो. गावोगाव हिंडायचं, बी-बियाणं सांगायचं, खतं सांगायची आणि मातीचे नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचवायचे, हे माझं काम. पगार बेताचा, सायकल स्वतःची. तरी लोक मला शेतकीसायेब म्हणत आणि मलाही ते आवडे, खोटं कशाला बोला.

दगडूबा भरे गावचे. पन्नाशीचे, कमी बोलणारे. ते आणि धाकटा भाऊ रघू एकत्र राहत. तीन एकर खाचर, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं भाताचं शेत, आणि खाणारी तोंडं अकरा. कुणाचं देणं नव्हतं, व्यसन नव्हतं. पण तीन एकरांत दोन संसार बसत नव्हते आणि चौथा एकर घ्यायची सोय उरली नव्हती. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. पौड रस्त्यानं पुण्याची माणसं मोटारीतून यायची, बांधावर उभी राहून हवेची तारीफ करायची आणि जमिनीचा भाव विचारून जायची. भाव असा चढला की शेतकऱ्याला विकणं परवडे, घेणं नाही. दळणापासून लुगड्यापर्यंत सगळंच महाग.

अशात रघूच्या साडूचं पत्र आलं. तो कृष्णेपलीकडे म्हैसूर राज्यात जाऊन राहिला होता. तिकडे नवा कालवा झालाय, काळी जमीन मोकळी पडलीय, इथल्या एका एकराच्या पैशात तिथे सात एकर येतात, लवकर या, असा मजकूर. दगडूबा जाऊन जमीन बघून आले होते. जाण्याआधी मीच त्यांना सांगितलं होतं, पुरुषभर खड्डा खणा आणि वरची, मधली, तळाची अशी तीन ठिकाणची माती आणा.

"पुरुषभर खणलंत?" मी विचारलं.

"हातभर. हातभर खाली बी काळीच लागली. म्हनलं आता आनखी काय बघायचं?"

त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? ज्याच्या गावात हातभर खाली मुरूम लागतो तो माणूस त्याच्या खाली बघत नाही.

"पन सायेब, एक केलं," ते म्हणाले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच खुशीत पाहिलं. "त्या खड्ड्यात दोन घागरी पानी वतलं. दुसऱ्या दिशी सकाळी जाऊन बघतोय तर पानी तसंच. गाडग्यात ठिवल्यागत. लई पानी धरती ती जमीन."

आता इथे दोन शब्द समजावून सांगायला हवेत. मुळशीच्या माणसाचा जन्म पाणी अडवण्यात जातो. पाऊस धो धो पडतो आणि जमीन त्याला धरत नाही. बांध फुटला की पाणी गेलं आणि भातही गेलं. त्यामुळे पाणी धरणारी जमीन म्हणजे इथे लक्ष्मी. पण काळ्या जमिनीत दोन घागरी पाणी रात्रभर हलत नसेल, तर शेतकी खात्याच्या माणसाला धोका दिसायला हवा. खाली निचरा नाही, जमीन चोपण असण्याचा संभव आहे, असा त्याचा अर्थ. चोपण म्हणजे खारानं आतून बसलेली, चिकट, दम कोंडलेली जमीन. हे मी कॉलेजात शिकलो होतो. पण मुळशीत नऊ वर्षं काढली होती. मीही "अरे वा" म्हणालो.

बुधवारी एसटीनं पुण्याला गेलो आणि आमच्या साहेबांपुढे उभा राहिलो.

"कुठली माती?" त्यांनी विचारलं.

"म्हैसूर राज्यातली, सर. शेतकरी आपला आहे. भऱ्याचा."

"शेतकरी आपला असेल, माती आपली नाही. दुसऱ्या स्टेटचं सॅम्पल आपण घेत नाही. त्यांच्या खात्याला लिहा."

"त्यात तीन-चार महिने जातील, सर. तोवर जमीन जाईल."

"मग जाऊ दे," साहेब म्हणाले आणि फाईल ओढून घेतली.

साहेब बरोबर होते. तेव्हा मला ते कागदी घोडे नाचवणारे वाटले.

पौडला परत आलो. रघू कचेरीत वाट बघत बसला होता. चौथीपर्यंत शिकलेला, चुणचुणीत. साडूचं दुसरं पत्र त्याच्या खिशात होतं. त्याचं तोंड बघून मला साहेबांचं उत्तर सांगवेना. मी कापडी पिशवी घेतली, माती भरली. नमुन्याबरोबर दोन चिठ्ठ्या लागतात. एक पिशवीच्या आत आणि एक बाहेर, म्हणजे बाहेरची फाटली तरी आतली राहते. शेतकऱ्याचं नाव, गाव, तालुका, पीक. मी दोन्ही चिठ्ठ्यांवर लिहिलं: गाव भरे, तालुका मुळशी, पीक भात.

मला वाटलं, माती तर खरी आहे. नावानं काय बिघडतं?

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. जमीन काळी, भारी. क्षार थोडे जास्त, परंतु पावसाने निचरून जाण्यासारखे. भातास योग्य.

"पावसाने" या शब्दावर माझी नजर अडकली. प्रयोगशाळेतला माणूस आकडे बघून सल्ला लिहितो आणि सल्ला लिहिताना गावाचं नाव बघतो. भरे म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे मुळशीचा पाऊस उभा राहिला. या पावसात मिठाचं पोतं ठेवलं तरी चार महिन्यांत वाहून जाईल. पण ती माती जिथली होती तिथे पाऊस म्हणजे आठ-दहा दिवसांचे शिंतोडे. तिथे खार कुठे जाणार? उलट कालव्याचं पाणी जमिनीत मुरलं की तळाचं पाणी वर चढतं. कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढतं तसं. येताना खार घेऊन येतं, ऊन पाण्याला उडवून नेतं आणि खार वर राहतो.

हे मला त्या टेबलाशी बसल्या बसल्या कळलं होतं. नंतर कळलं असं सांगायची सोय नाही. पण ते बोलायचं तर चिठ्ठीवर खोटं गाव लिहिलं हे आधी बोलावं लागलं असतं. साहेबांपर्यंत गेलं असतं तर नोकरीवर बेतलं असतं. मग मी स्वतःला समजावलं की कालव्याचं पाणी आहेच की, तेही खार धुऊन नेईल. हे अर्धं खरं होतं. जिथे निचरा आहे तिथे नेतं.

रिपोर्ट घेऊन मी भऱ्याला गेलो. ओटीवर सगळं घर जमलं होतं. मी वाचून दाखवलं. "भातास योग्य" म्हटल्यावर रघू मांडीवर थाप मारून म्हणाला, "झालं तर मग. आता आनखी काय पायजे?"

"ऱ्हायचं तरी कशाच्या जिवावर," दगडूबा हळूच म्हणाले. "हितली जमीन सोन्याची, पन सोनं खाता येत न्हाई. उद्या पोरांच्या वाटण्या झाल्या तर एकेकाला बांध तेवढा यील."

दगडूबांची बायको कोंडाबाई उंबऱ्याच्या आत बसून तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बांध तर बांध. आपला तर आसंल. तितं बोली कळायची न्हाई, शेजार न्हाई. कालव्याच्या पान्यावर ऱ्हायचं म्हंजी दुसऱ्याच्या हातानं जेवायचं."

"वयनी, हितं तरी काय, पावसाच्या हातानंच जेवतोय की," रघू म्हणाला.

"पाऊस वळखीचा हाय," ती म्हणाली.

मग तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे सरळ बघितलं. त्या काळी बाई सरकारी माणसाकडे अशी बघत नसे.

"सायेब, तुमास्नी भाऊ हाय?"

"आहे. धाकटा."

"त्येला धाडलं आसतं का तुमी तितं?"

मला आजही ती ओटी दिसते, खुंटीवरचं पानांचं पावसाळी इरलं दिसतं. मी हातातला कागद वर केला आणि म्हणालो, "रिपोर्ट चांगला आलाय, वहिनी."

तिनं विचारलं होतं एक आणि मी सांगितलं दुसरंच. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही. सूप उचललं आणि तांदूळ निवडू लागली.

शिमगा झाल्यावर ते गेले. खाचर पुण्याच्या एका वकिलांनी घेतलं. जाताना कोंडाबाईनं आंबेमोहराचं बी एका गाडग्यात भरून तोंड शेणानं लिंपून बरोबर घेतलं. तिकडे घरचा भात शिजल्यावर वास यायला पाहिजे म्हणाली. मी एसटीपर्यंत पोचवायला गेलो होतो. दगडूबांनी माझे दोन्ही हात धरले. लाज वाटली, पण हात सोडवून घेतले नाहीत.

पहिल्या वर्षी रघूचं कार्ड आलं. पीक चांगलं आहे, साहेबांना नमस्कार. ते कार्ड मी कितीतरी दिवस खिशात घेऊन फिरलो. दुसऱ्या वर्षी कार्ड आलं नाही. मीही पाठवलं नाही.

चार वर्षांनी आषाढात मी भऱ्यात जपानी पद्धतीच्या लावणीचं प्रात्यक्षिक घ्यायला गेलो. या पद्धतीत भाताची रोपं मुठीनं कुठेही न खोचता दोरी धरून ओळीत लावतात. एका बांधावर मी टोक धरतो, समोरच्या बांधावर एक गडी. वकिलांचं खाचर होतं. त्यांच्या मुकादमानं गडी दिले होते. मी दोरी टाकली, समोरच्यानं उचलली, आणि डोक्यावरचं इरलं मागे सारलं. दगडूबा होते.

आपल्याच खाचरात रोजानं.

दुपारी भाकरीच्या वेळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्यांनी माझ्यापुढे कांदा सरकवला. मग विचारल्याशिवाय सांगितलं, दुसऱ्याचं सांगावं तसं.

"पैल्या साली पोती ठिवाया जागा न्हवती. दुसऱ्या साली रानात टक्कल पडल्यागत चट्टे पडले. तिसऱ्या साली समदं पांढरं. मीठ सांडल्यागत. हीर बी खारी झाली. प्यायाचं पानी कालव्यास्नं आनायचं. त्या पान्यानं का कशानं, हिला ताप भरला. आठ दिसांत ग्येली."

मी कांदा फडक्यावर परत ठेवला.

"आंबेमोहर पिकलाच न्हाई," ते म्हणाले. "शेवटची मूठ तिनं दाराम्होरं लावली व्हती. नुसती पिवळी पडली."

"रघू?"

"तितंच हाय. दुसऱ्याच्या रानात. त्या जमिनीला गिऱ्हाईक न्हाई आन पोरांस्नी आता तितली बोली याया लागली. मी म्हनलं, मरायचं तर वळखीच्या पावसात."

कोंडाबाईचा शब्द त्यांच्या तोंडून आला. मग ते म्हणाले, "सायेब, तवा तुमी पुडीवर भऱ्याचं नाव घातलं व्हतं न्हवं? रगूनं वाचलं व्हतं. घरी यिऊन सांगितलं, सायबानं नव्या रानाला आपल्या गावाचं नाव दिलं. आमाला लई बरं वाटलं. तितं ग्येल्यावर त्या रानाला आमी भरेच म्हनायचो. हिनं बांधावर दगूड मांडला, शेंदूर लावला. भऱ्याचा म्हसोबा. समदी आळी म्हनायची, भरेवाले आले."

मी घास खाली ठेवला. एवढं ऐकल्यावर गप्प बसणं मला जमलं नाही.

"दगडूबा, ते शुभ म्हणून नव्हतं लिहिलं," मी म्हणालो. "दुसऱ्या राज्याची माती इथे तपासत नाहीत, म्हणून खोटं गाव घातलं. रिपोर्ट या गावासाठी आला होता. इथल्या पावसासाठी. तुमच्या त्या रानासाठी नव्हता. हे मला तेव्हाच कळलं होतं. तुमच्या ओटीवर बसलो तेव्हा माहीत होतं."

त्यांनी नजर खाचराकडे वळवली. मला वाटलं शिवी देतील, निदान उठून तरी जातील. मला ते हवं होतं.

"तिनं इचारलं व्हतं तुमास्नी," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी भाकरीचं फडकं झाडलं, चौघडी घालून कमरेला खोचलं आणि समोरच्या बांधाकडे चालू लागले. तिथं पोचल्यावर दोरीचं टोक उचललं आणि हाक दिली, "ताना सायेब. ढिली हाय."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं एकच दोरी धरून होतो. ओळी सरळ आल्या. मुकादमानं तारीफ केली.

पुढे माझी बढती झाली आणि नव्या असिस्टंटांना नमुना कसा घ्यावा हे शिकवायचं काम माझ्याकडे आलं. खड्डा, खोली, पिशवी, दोन चिठ्ठ्या. मी प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी सांगायचो की नमुना थोडा कमी आणलात तरी चालेल, गावाचं नाव मात्र खरं घाला, कारण सल्ला मातीला मिळत नाही, गावाला मिळतो. मुलं वहीत उतरवून घ्यायची. एकदा एकानं विचारलं, "सर, कुणी खोटं गाव कशाला घालेल?"

"घालतात," मी म्हणालो आणि पुढचा धडा काढला.