बहिरा पाय

आमचे ड्रायव्हिंग क्लासवाले नाना बाजूच्या सीटवर बसूनसुद्धा गाडी चालवत असत. शिकवायच्या गाडीला असतात तसे त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक आणि क्लच होतेच, पण नानांचा उजवा पाय तिथे नसलेला ॲक्सिलरेटरही दाबत राही. क्लासच्या दुकानात प्लास्टिकच्या खुर्चीवर चहा पीत बसले आणि समोरून एखादी गाडी गेली, की त्यांची चप्पल आपोआप खाली दबे. नानी सांगायच्या, "झोपेतही गिअर टाकतात. पांघरूण बिचारं तिसऱ्यात जातं." नाना यावर हसत नसत. गाडीच्या बाबतीत त्यांना थट्टा चालत नसे.

मी पहूरच्या पुढच्या एका खेड्यातली. जळगावला बी.कॉम. करते, होस्टेलवर राहते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नाही, मग चारचाकीच्या स्टिअरिंगची गोष्टच सोडा. फिरतीच्या नोकरीला लायसन्स असलेलं बरं, असं कॉलेजात कोणीतरी म्हणालं, म्हणून वडलांना फोनवर भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "शिकून घे. घरात एकाला तरी आलं पाहिजे." त्या वाक्याचं ओझं घेऊन मी नानांच्या क्लासला गेले. हे सगळं मला नीट मांडता येईल की नाही माहीत नाही, पण नानांबद्दल कोणीतरी लिहायला हवं असं वाटतं.

नाना मूळचे धुळ्याकडचे. दुकानात फॉर्म भरून घेताना अगदी शाळेतल्या पुस्तकासारखं बोलत. किल्ली फिरली की अहिराणी सुरू. "डरू नको. गाडी आपली शे, रस्ता बठ्ठा आपला शे." सगळा रस्ता आपला, हे पहिल्या दिवशी ऐकून मला फार धीर आला होता. गाडी पांढरी, जुनी, पेट्रोलवरची. चालू लागली की अगदी गुणी. थांबली की थरथरायची. सिग्नलला उभी राहिली की डॅशबोर्डवरचा गणपती मान हलवायचा आणि माझी पाण्याची स्टीलची बाटली दाराच्या खणात खडखडायची. ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचलला तर दोन आचके देऊन बंद. म्हणून नानांचा एकच धोशा असे, "रेस सोडू नको, पोरी, रेस सोडू नको." आणि तरीही बंद पडली तर ते खिडकीबाहेर बघत म्हणत, "पाय बहिरा शे तुना. इंजिन काय बोलतंय ते पायाला ऐकू आलं पाहिजे."

हे ते रागाने म्हणत नसत. डॉक्टर आजाराचं नाव सांगतो तसं सांगत. त्यामुळे ते जास्त खरं वाटे. मी होस्टेलच्या खोलीत कॉटवर बसून चपलेवर पाय हलका दाबायचा सराव करायची. रूममेट विचारायची, "शिवणाचा क्लास लावला का गं?" मी हो म्हणायची. आमच्याकडे काहीही बिघडलं की माणूस आधी स्वतःकडे बघतो. घरात कधी गाडी नव्हती, तर माझ्या पायाला इंजिनाचं बोलणं कुठून कळणार, असं मी मनाशी धरून बसले होते. नाना स्वतः चालवायला बसले की गाडी कधीच बंद पडत नसे. त्यामुळे आम्हा शिकणाऱ्यांपैकी एकालाही गाडीवर शंका घ्यायचं सुचलं नाही.

थरथर नानांना दिसत होती, नाही असं नाही. पण त्यांच्या मते तो इंजिनाच्या पोटाचा विकार होता आणि त्यावर इलाज म्हणजे बाटली. स्पेअर पार्टच्या दुकानात इंजिन साफ करायचं औषध मिळतं, पेट्रोलच्या टाकीत ओतायचं. नाना त्याला जुलाब म्हणत. "आज जुलाब दिलाय, आज भुसावळची चक्कर मारू." मग आमच्यापैकी कोणाला तरी हायवेवर घेऊन जात. मागे पांढरा धूर निघाला की मान वळवून समाधानाने बघत. "निघाला, बठ्ठा मळ निघाला." परतताना गाडी खरंच जरा बरी चाले, किंवा आम्हाला तशी वाटे. चार-सहा दिवसांनी गणपती पुन्हा मान हलवू लागे. मग नाना दुसऱ्या रंगाची बाटली आणत. गॅरेजात दाखवा असं नानींनी एकदा सुचवलं तर म्हणाले, "मी गाडी शिकवस. माले कोण गाडी शिकवणार?"

माझ्या आधीच्या वेळेला सिंधूअक्का येत. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पदर कमरेला खोचून स्टिअरिंगला बसणाऱ्या. त्यांचं डब्यांचं काम होतं. होस्टेलं, दवाखाने, एकटे राहणारे नोकरदार यांना जेवण पोचवायचं. त्यांचे यजमान स्वतःच्या जुन्या व्हॅनमधून डबे नेत, पण त्यांची नजर गेली. भाड्याचा ड्रायव्हर निम्मे दिवस दांडी मारी. अक्कांना गाडी आली तर काम चालणार, नाहीतर व्हॅन विकावी लागणार, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वर हसून म्हणाल्या होत्या, "सासूबाई म्हणतात, आता काय विमान शिकणार का?"

एके दिवशी अक्का चालवत होत्या आणि पुढची वेळ माझी म्हणून मी मागच्या सीटवर होते. बाजाराजवळच्या चौकात रिक्षास्टँडच्या अगदी तोंडाशी गाडी बंद पडली. सुरू केली, पुन्हा बंद. मागे हॉर्नचा गोंधळ. एक रिक्षावाला ओरडला, "काकू, गाडी शे ती, शिलाई मशीन नाही!" दुसरा म्हणाला, "धक्का मारू का, का काकूंचा मुक्काम आज इथंच?" सगळे हसले. नानांना ते लागलं. त्यांच्या क्लासचं नाव गाडीवर मोठ्या अक्षरांत होतं. ते खाली उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "अक्का, किती दिवस सांगतोय, पाय बहिरा शे तुमचा! या पायाने गाडी व्हायची नाही." अक्का नुसत्या उतरल्या आणि मागे माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांचे हात मांडीवर उलटे पडले होते. नानांनी गाडी सुरू केली, ती लगेच सुरू झाली. त्याने सगळंच सिद्ध झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून अक्का आल्या नाहीत. मला एकदा होस्टेलच्या दारात डबा उतरवताना भेटल्या, रिक्षातून. म्हणाल्या, "लाज वाटते गं पोरी. घरच्यांना मीच सांगून टाकलं, मला नाही जमत म्हणून. ह्यांनी व्हॅनला गिऱ्हाईक बघितलंय." मी त्यांच्या हातातला डबा धरला. माझा पायही बहिराच होता.

मग गाडीची बॅटरी गेली, म्हणून नाना ती गॅरेजात घेऊन गेले. माझी शिकायची वेळ होती, म्हणून मीही होते. गॅरेजवाले रफिकभाऊ बॅटरी बसवून झाल्यावर बॉनेट लावणार होते, पण थरथर ऐकून थांबले. वाकून इकडेतिकडे कान दिला आणि एका काळ्या रबरी पाइपवर अंगठा दाबला. गाडी शांत झाली. इतकी शांत की मला वाटलं बंदच पडली. अंगठा उचलला, थरथर सुरू. दाबला, शांत.

"पाइप फाटलाय नाना. हवा ओढतोय इथून. म्हणून पाय सोडला की स्लोवर टिकत नाही, बंद पडते."

"कालपरवा फाटला असेल," नाना म्हणाले.

"छे. कडा बघा कशा कडक झाल्यात. जुनं फाटणं आहे हे."

"मग एवढे जुलाब दिले ते?"

"त्यांनी आतला मळ निघाला असेल थोडाफार. फाटलेलं रबर बाटलीनं कसं शिवलं जाईल?"

नाना म्हणाले, "पुन्हा दाब." रफिकभाऊंनी दाबलं. "पुन्हा." मग नानांनी त्यांना बाजूला करून स्वतःचा अंगठा ठेवला. ठेवला, उचलला, ठेवला. किती वेळ करत होते कोण जाणे. रफिकभाऊ नवा पाइप घेऊन उभे होते आणि नाना जागचे हलत नव्हते.

पाइप बदलल्यावर नाना मला म्हणाले, "बस. पाय सोड." मी बसले. पाय हळूच उचलला आणि खांदे आवळून आचक्यांची वाट बघत राहिले. आचके आलेच नाहीत. गणपती स्थिर होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी रडू आलं. आपल्या पदरी पडलेला दोष आपला नव्हताच, हे कळल्यावर काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. नाना बॉनेटच्या पलीकडे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. "मना पाय आपोआप सांभाळून घेत होता," एवढंच म्हणाले. "माले कळलंच नाही."

त्या आठवड्यात नाना जुन्या शिष्यांच्या घरी जाऊ लागले. नानी ओरडल्या, "लोक हसतील." तरी गेले. बँकेत लागलेला एक मुलगा हसून म्हणाला, "नाना, त्यात काय एवढं! माझं लायसन्स आलंसुद्धा." असं कोणी म्हटलं की नाना जास्तच खाली मान घालून परत येत. कोणी रागावलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. अक्कांकडे एकट्याने जायचा त्यांना धीर होईना. मला म्हणाले, "पोरी, तू चाल संगे."

अक्कांच्या दारापुढची व्हॅनची जागा रिकामी होती. आदल्याच आठवड्यात जामनेरचा माणूस घेऊन गेला होता. ओट्यावर सासूबाई लसूण सोलत होत्या, अक्कांचे यजमान भिंतीला टेकून बसले होते. नाना उभ्यानेच बोलले. पाइपचं सांगितलं, अंगठ्याचं सांगितलं, आणि मग म्हणाले, "अक्का, तुमचा पाय बरोबर होता. चूक मनी, माझीच शे. तुमच्या माणसांसमोर सांगायला उनू."

यजमानांनी हात जोडले. "असू द्या नाना, होतं असं." सासूबाईंनी चहा टाकायला सांगितलं.

अक्का चहाला उठल्या नाहीत. म्हणाल्या, "इथं सांगून काय उपयोग नाना? हे माझे घरचेच आहेत. ज्यांच्यासमोर बोललात, त्यांना सांगा."

नानांचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही. पण ते नाही म्हणाले नाहीत. गाडीची किल्ली त्यांनी अक्कांपुढे धरली.

अक्कांनी गाडी चौकात नेली. रिक्षास्टँडसमोर त्यांनी ती थांबवली, पाय सोडला, आणि इंजिन मांजरासारखं घुरघुरत राहिलं. नाना उतरले. कपाळ पुसलं.

"भाऊ, ऐका जरा. मागे आठे, या चौकात, अक्कांची गाडी बंद पडली होती. मी त्यांना नको ते बोललो. चूक त्यांची नव्हती. गाडीत बिघाड होता, आणि तो माले कळला नव्हता."

रिक्षावाले एकमेकांकडे बघू लागले. एकाने तोंडातली पिचकारी टाकून विचारलं, "कोणत्या अक्का? आठे तर रोज गाड्या बंद पडतात, नाना." दुसरा म्हणाला, "एवढं सांगायला उनात? या, चहा घ्या." त्यांच्यापैकी कोणालाही तो दिवस आठवत नव्हता.

नाना तसेच उभे राहिले. मागून हॉर्न वाजू लागले. अक्का समोर बघत म्हणाल्या, "झालं. बसा नाना." त्या हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून क्लासला हजर होत्या. दारात व्हॅन नसताना आता कशाला शिकता, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

नाना मात्र त्यानंतर पूर्वीचे राहिले नाहीत. त्यांना ओरडताच येईना. कोणाची गाडी बंद पडली की आधी उतरून बॉनेट उघडत. रस्त्यात, उन्हात, कुठेही. शिकणारी मुलं डोळे मिचकावत. एका मुलाचे वडील तर सांगून गेले, "नाना, जरा दम द्या पोराला, असा कसा शिकेल तो?" पण दम द्यायला आवाजात जी खात्री लागते ती गेली होती. हळूहळू मुलं पलीकडच्या नव्या क्लासला जाऊ लागली. यंदा नाना-नानी दुकान बंद करून धुळ्याला मुलाकडे राहायला गेले.

ते जाण्यापूर्वी माझी लायसन्सची परीक्षा झाली. आरटीओच्या मैदानावर नाना कुंपणाबाहेर उभे होते. साहेब शेजारी बसले, मी गिअर टाकला आणि घाबरून क्लच एकदम सोडला. गाडीने उडी मारली आणि बंद पडली. मी मान वर करते तर नाना कुंपण ओलांडून धावत येत होते, एक हात बॉनेटकडे पुढे केलेला. "साहेब, थांबा, पोरीची चूक नाही, गाडी बघतो, गाडी बघू द्या!"

"ओ नाना, बाहेर व्हा," साहेब ओरडले.

मी खिडकीतून मान काढली. "नाना, गाडी बरोबर आहे. क्लच माझ्याकडून सुटला."

नाना गाडीशी येऊन थांबले. बॉनेटवर ठेवलेला हात त्यांनी काढला नाही. माझ्याकडे बघत त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "नक्की ना, पोरी?"