हाकेच्या पलीकडे

उभी हयात वाळवंटातल्या रस्त्यावर बस चालवण्यात गेली, पण वाळूत त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. रस्त्यावर कागदाचा कपटा उडाला तरी करकचून ब्रेक दाबायचा, म्हणून गाव त्याला ब्रेकदादा म्हणे. निवृत्त झाल्यापासून तो खिडकीशी बसून असायचा. बायको म्हणायची, "अहो, बस केव्हाच डेपोत लागली. आता तरी उतरा!"

एके दिवशी गावात सिनेमावाली बाई आली. तिचा सिनेमा छोटासाच, ना गाणी ना मारामारी. ब्रेकदादाला दुकानातून घरी जाताना पाहून ती मागोमाग दारात आली.

"उद्या वाळूतून चालाल का? नुसतं चालायचं."

"कुठवर?"

"मी हाक मारीपर्यंत."

"आणि बोलायचं काय?"

"काहीच नाही."

"मग जमेल," बायको आतून म्हणाली, "घरी तरी दुसरं काय करतात?"

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून, चपला कॅमेऱ्यापाशी काढून तो निघाला. आधी पाठीवर कॅमेरा टोचत होता. मग वारा कानांत भरला. निवृत्तीनंतरही डोक्यात घरघरत राहिलेलं इंजिन हळूहळू बंद पडलं. वाळू कोमट, मऊ. त्याला वाटलं, इतकी वर्षं फक्त आरशात दिसलेले ते सगळे प्रवासी खाली उतरलेत आणि आपल्या बरोबरीने चालताहेत. कोणालाच घाई नाही. कोणी तिकीट मागत नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तो हसतही होता.

बाईने हाका मारमारून घसा बसवला. शेवटी बायकोला बसवून जीप त्याच्यामागे धाडली. बायको घाईघाईने उतरली.

"अहो, निघालात कुठे?"

"कोण जाणे," तो म्हणाला, "पण उशीर होत नव्हता गं."

बाईने ते सगळं चालणं तसंच ठेवलं. पुढे शाळेच्या भिंतीवर चादर ताणून सिनेमा दाखवला. अथांग वाळू, आणि लहान लहान होत जाणारा एक ठिपका.

"यात ब्रेकदादा कुठाय?" मागून कोणीतरी विचारलं.

"तो काय! उजवा खांदा कलतोय ना, तेच ते," बायको म्हणाली.

सिनेमा संपला तरी कोणी उठलं नाही. भरल्या सभेत त्याने तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.

आता संध्याकाळी दोघं वाळूत जातात. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तो हळू चालतो.