कॅमेऱ्याला बेदाणा दाखवताना

किस्से साचायला फार काही लागत नाही हो. एका खोलीत तीन माणसं बसवायची. काय चाललंय ते तिघांनाही नीट कळत नसलं पाहिजे, आणि तसं कबूल करायची एकाचीही तयारी नसली पाहिजे! आमच्या कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये ही सोय पहिल्या दिवसापासून आहे.

मालक जमीरभाई. सांगलीत पंचवीस वर्षं टीव्ही दुरुस्त करायचे. मग टीव्ही पातळ झाले, बिघडले की लोक नवेच आणायला लागले, आणि भाईंचं दुकान बसलं. दुसरे बापू. औंधजवळचे, फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होते. रिटायर होऊन घरी बसवेना म्हणून इथं आले. तिसरी मी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, म्हणून मला सगळं येतं असं त्या दोघांचं मत. माझं तसं मत नाही.

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यानं, आण्णांनी, भाईंना विचारलं होतं, "खराब बेदाणा ओळखणारं मशीन करशीला का?" भाई "करतो" म्हणाले, आणि मग मला विचारायला आले, "मॅडम, असं मशीन असतं का हो?"

*

मी एक किट मागवलं. तळहाताएवढा बोर्ड, कॅमेरा आणि छोटी स्क्रीन. खोक्यावर इंग्रजीत लिहिलेलं, "ओपन हार्डवेअर".

भाईंनी खोकं दोनदा उलटं करून झटकलं. "कव्हर विसरले वाटतं पाठवायचं."

"कव्हर नसतंच भाई. ओपन म्हणजे ह्याचा नकाशा सगळ्यांना खुला आहे. नेटवर टाकलाय. कुणीही बघावा, बदलावा, स्वतःचा बोर्ड बनवावा."

बापूंचा चहाचा कप हवेतच राहिला. "कुणीबी?"

"कुणीही."

"दुश्मनबी?"

मी नकाशाची प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, घडी घातली, लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

आजही मला तो कागद लागला तर वहीत सही करावी लागते!

*

कॅमेऱ्याची पट्टी वायर भाईंनी लावली, स्क्रीनचीही त्यांनीच लावली. करंट दिला. स्क्रीन काळी.

दोन दिवस काळीच! मी प्रोग्रॅम तीनदा टाकला. "भाई, वायरी बरोबर लावल्यात ना?" एवढं विचारलं, तर भाई दुखावले. "मॅडम, पंचवीस वर्षं वायरीच लावतोय मी."

शेवटी मी नेटवर, हाच बोर्ड वापरणाऱ्या लोकांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला. सगळा तपशील दिला, फोटो जोडले. कुठल्या तरी लांबच्या देशातून एका ओळीचं उत्तर आलं, "वायरी एकमेकींच्या जागी लावल्यात का?"

बघितलं, तर कॅमेऱ्याची सॉकेट आणि स्क्रीनची सॉकेट, दोन्ही शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारख्या! भाईंनी वायरी बदलल्या. करंट दिला. स्क्रीन काळी.

आता मात्र माझं डोकंच चालेना. बंद होती तेव्हा काळी, चालू झाल्यावरही काळी! तेवढ्यात बापू चष्मा पुसत जवळ आले आणि त्यांनी कॅमेऱ्याच्या तोंडावरची टोपी काढली.

स्क्रीनभर भाईंचं नाक आलं. उलटं.

*

हो, उलटं. चित्र खाली डोकं वर पाय येत होतं.

मी कुणाला न सांगता प्रोग्रॅममध्ये ते फिरवलं आणि जेवायला गेले. त्याच वेळी भाईंनी मला न सांगता स्क्रू काढून कॅमेराच फिरवून बसवला. जेवून आलो, चित्र उलटंच.

मला वाटलं, माझं चुकलं. मी आपलं काढून टाकलं. भाईंना वाटलं, त्यांचं चुकलं. त्यांनी कॅमेरा पहिल्यासारखा केला. चित्र उलटंच!

"मॅडम, ह्याला काय तरी झालंय," भाई म्हणाले. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

बापूंनी आमच्याकडं एकदा बघितलं. मग उठून त्यांनी स्क्रीनच स्टँडवरून काढली, खालची बाजू वर करून लावली आणि मार्करनं लिहिलं, "ही बाजू वर. हात लावू नये. हुकमावरून."

तेव्हापासून स्क्रीन तशीच आहे. कुणाच्या हुकमावरून, ते आम्ही विचारलेलं नाही.

*

मग मशीनला शिकवायचं काम निघालं. चांगल्या बेदाण्याचे हजारो फोटो, खराब बेदाण्याचे हजारो फोटो. पण चांगला कुठला आणि खराब कुठला, हे मला कोण शिकवणार?

आण्णा म्हणाले, "मालनमावशीला इचारा."

मालनमावशी त्यांच्याकडं बेदाणा निवडणाऱ्या बायकांच्या म्होरक्या. साठीच्या पुढच्या, पण हात असा चालतो की बघणाऱ्याला दम लागावा. मी वही काढून त्यांच्यासमोर बसले.

"मावशी, हा खराब कसा ओळखला?"

"दिसतंय की."

"काय दिसतंय?"

"खराब दिसतंय."

"आणि हा?"

"ह्यो चांगला हाय."

"कशावरून?"

मावशींनी हात थांबवला. माझ्याकडं जरा काळजीनं बघितलं. "तुला डोळ्याचं काय हाय का गं बाई?"

चार तासांनी माझ्या वहीत दोन ओळी होत्या. एक, खराब म्हणजे खराब दिसतो तो. दोन, उरलेला चांगला.

पण फोटो मिळाले. मावशींनी निवडून दिलेले दोन्ही ढीग मी ट्रेमध्ये मांडले आणि एकेक दाणा कॅमेऱ्याला दाखवला. बापू मोजत होते, भाई दिवा धरत होते.

*

वर्कशॉपमध्ये मशीन झकास चालायला लागलं. चांगला हिरवा दाणा दिसला की हिरवा चौकोन, खराब काळपट दिसला की लाल. आम्ही खुशीत ते जीपमध्ये घालून तासगावला नेलं, आण्णांच्या शेडमध्ये ठेवलं आणि चालू केलं.

हिरवा. हिरवा. हिरवा. हिरवा!

काळा दाणा ठेवला, हिरवा. मनुका ठेवला, हिरवा. भाईंनी चिडून स्वतःचं बोट ठेवलं. हिरवं!

मी घामाघूम. बापूंनी वर बघितलं. शेडला ऊन लागू नये म्हणून सगळीकडं हिरवी जाळी लावलेली, आणि तिच्यातून येणाऱ्या उजेडात आम्ही सगळेच हिरवे दिसत होतो.

"आण्णा, माफ करा. कॅमेऱ्याला बंद पेटी आणि आतून स्वतःचा दिवा बसवावा लागेल. दोन दिवसांत दुरुस्त करून आणतो."

आण्णा डोळे विस्फारून स्क्रीनकडं बघत होते. "दुरुस्त? कशापायी? सगळा माल एक नंबर दावतंय की! लय हुशार मशीन हाय ह्ये!"

ते मशीन त्यांच्या तावडीतून सोडवून जीपमध्ये घालायला आम्हाला तासभर लागला.

*

पेटी आणि दिवा बसवून आम्ही परत गेलो, तेव्हा शेडमध्ये कुणी हसत बोलत नव्हतं. आण्णांनी सांगून टाकलं होतं, मशीन मावशीच्या बरोबरीनं चाललं, तर पुढच्या आठवड्यापासून पाच बायका कमी. बायका निवडायचं थांबवून गोळा झाल्या होत्या.

मी वायरी लावत असताना मावशी जवळ आल्या. "बाई, मीच दावलं ना ह्येला समदं?"

"हो मावशी."

"मग माझंच चुकलं म्हनायचं."

मी लावलेलीच वायर काढून परत लावली. भाई हळूच म्हणाले, "मावशी, माझंबी दुकान असंच गेलं." त्यांना धीर द्यायचा होता बहुतेक.

मावशी म्हणाल्या, "मग आता दुसऱ्याचं घालवायला आलासा व्हय?"

भाई बाहेर जाऊन जीपच्या चाकाकडं बघत उभे राहिले.

आण्णांनी शंभर दाण्यांचा ट्रे मांडला. मशीन आधी सांगणार, मावशी नंतर. पहिला दाणा, मशीन चांगला, मावशी चांगला. दुसरा खराब, खराब. असं करत करत नव्वदच्या पुढं गेलं. एकही फरक नाही! आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी बरोबर चाललं होतं आणि मला ते बंद पडावंसं वाटत होतं.

शहाण्णवावा दाणा. लाल चौकोन. खराब.

मावशी म्हणाल्या, "चांगला हाय."

आण्णा वाकले. "मावशी, नीट बघ."

"बघितलं."

मी दाणा फिरवून ठेवला. लाल. पुसून ठेवला. लाल. बाहेरून आत आलेले भाई भिंग घेऊन बघत बसले आणि म्हणाले, "मला दोन्ही वाटतंय." बापूंना विचारलं, तर ते म्हणाले, "माझ्यापाशी आर्डर न्हाई."

"आता खरं कुणाचं धरू?" आण्णांचा आवाज चढला.

मावशींनी हात पुढं केला, दाणा उचलला आणि तोंडात टाकला.

पंधरावीस माणसं एका बाईच्या जबड्याकडं बघत उभी. मावशी सावकाश चावत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. गिळला. पदरानं तोंड पुसलं.

"कसा हुता?" आण्णांनी विचारलं.

"फुडचा ठेवा."

पुढचे चारही जुळले. आण्णा टोपी काढून डोकं खाजवत राहिले. ट्रेकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, मावशीकडं बघितलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मशीनबी ऱ्हाऊ द्या आन बायाबी ऱ्हाऊ द्या. माझं डोसकं उठलंय."

बायका आपापल्या जागी जाऊन बसल्या. शेडमध्ये परत गलका सुरू झाला. निघताना भाई न राहवून मावशींपाशी गेले, आजूबाजूला बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मावशी, कुणाला सांगत न्हाई. खरं सांगा. त्यो दाणा चांगला हुता, का खराब?"

मावशींचा हात ट्रेवरून सरसर चालला होता. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"कंचा?"