आबांनी उचलायला लावलेला बेल

निवडून दिलेला सरपंच गावाला मुदतीआधी परत बोलावता येतो का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी बसलो, आणि नियमांआधी आबाच आठवले.

बोलताना उजवा तळहात छातीवर ठेवून ते म्हणत, "माझ्या शब्दावर." शेळी गाभण आहे का, पाहुण्यांचे घर मुलगी द्यावी असे आहे का, असा काहीही वाद असो, आबांचा हात छातीवर गेला की तो मिटे. येडशीच्या बाजूचे आमचे गाव, गावाबाहेर माळावर धनगरवस्ती, आणि तिथले हे वडीलधारे. मी गावच्या शाळेवर शिक्षक होतो, म्हणून त्यांचा 'गुरुजी'.

मागच्या निवडणुकीत त्यांनी सध्याच्या सरपंचांसाठी वस्तीतले प्रत्येक दार गाठले, कारण सरपंचांनी वस्तीला नळ कबूल केला होता. बायका अजून खालच्या विहिरीवरून पाणी वाहत. वस्तीने आबांच्या शब्दावर मते दिली. आबा तेवढ्यावर थांबले नाहीत. निवडून आलेले सदस्य पुढे फुटू नयेत म्हणून त्यांना जीपमधून सोनारीला नेले आणि काळभैरवापुढे प्रत्येकाला बेल उचलून शपथ घ्यायला लावली: पाच वर्षे सरपंचांची साथ सोडणार नाही.

"कुलूप लावून आलोय, गुरुजी," परतल्यावर ते खुशीत म्हणाले. "आता कुणी फुटत न्हाय."

नळ आला. म्हणजे सिमेंटचा ओटा आला, तोटी आली, हार घालून फोटोही निघाला. पाइप मात्र सरपंचांच्या मळ्याकडे वळला. ग्रामसभेत आबा उभे राहिले की सरपंच हसत, "दमानं घ्या आबा, काम मंजूर हाय."

दोन वर्षे दम धरून आबा माझ्याकडे आले. "ह्याला खाली कसं उतरवायचं?"

मी नियम समजावून सांगितला. तुम्हीही तो नीट समजून घ्या. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध सुरुवात मतदारांना करता येत नाही. आधी तीन-चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर करायचा. त्यानंतरच तो ग्रामसभेपुढे येतो आणि गाव गुप्त मतदान करते.

"मंजी मत आमी द्यायचं, अन् काढायला त्यांच्या पाया पडायचं?"

"पहिली पायरी तीच आहे, आबा."

"उलटंच हाय की हे!"

तरीही ते सदस्यांच्या दारी गेले. काही जण तयार झाले. बाकीच्यांनी हात जोडले. "आबा, बेल कुणी उचलायला लावला? तुमीच नव्हं? आता देवाचा कोप आमी घ्यावा व्हय?"

आबा संतापून माझ्या ओट्यावर येऊन बसले. "ह्यातल्या एकानं दारू सोडायचा बेल तीनदा मोडलाय, गुरुजी. सरपंचाचाच तेवढा मोडंना!"

ते पुन्हा सोनारीला गेले, एकटे. पुजाऱ्यांना म्हणाले, शपथ मीच घालायला लावली, मीच सोडवतो. पुजारी म्हणाले, "ज्यानं उचलला त्यानंच ठेवायचा असतो, आबा. तुमच्या हातात काय हाय?"

ठराव एका मताने पडला. पंचायतीबाहेर वस्तीच्या बायका सकाळपासून बसून होत्या. ग्रामसभेपर्यंत गोष्ट गेलीच नाही. त्यांना कोणी काही विचारलेच नाही. आणि एकदा ठराव फसला की पुन्हा लगेच आणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा घरोघर गेले. "माझा शब्द खोटा पडला," एवढेच सांगत. एका घरी म्हातारी म्हणाली, "तुमचं काय चुकलं? बसा, च्या टाकते."

"नगं बाई. पाणी लांबून आणलंय तुमी."

पुढे बाजारात एकाने शेळी दाखवून सवयीने विचारले, "आबा, गाभण हाय न्हवं?" आबांचा हात छातीपर्यंत आला, तिथेच थबकला आणि खाली गेला. "तुमीच बघून घ्या, बाबा."

यंदा ते मेंढरे घेऊन नळदुर्गकडे लेकीच्या गावी गेले. अजून परतलेले नाहीत.

सरपंच म्हणतात, वस्तीच्या नळाला पाणी येते. मी म्हणतो, येत नाही. आमच्यापैकी कोणाच्याही शब्दावर जाऊ नका. वस्तीवर या, तोटी फिरवा आणि स्वतः पाहा.