रंग गेला, मिशी गेली, आणि आबाही

माझे वडील वारल्याची बातमी त्यांना स्वतःला सकाळी साडेनऊला, दुसरा चहा पिताना कळली. बातमीला कारण मी होतो, पण माझा हेतू फक्त टॉवेल विकण्याचा होता.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे आठ माग आहेत. आबांनी (म्हणजे वडिलांनी) गेल्या वर्षी माग स्वतःकडे ठेवले आणि विक्री माझ्याकडे दिली. मी लगेच एका हॉटेलच्या हॉलमध्ये एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन आलो. पुण्याहून आलेल्या सरांनी दिवसभर एकच सांगितलं : माल चांगला आहे असं सगळेच म्हणतात, तुम्ही विनोद करा, गिऱ्हाइकाच्या लक्षात राहाल. जेवणात गुलाबजाम होते, त्यामुळे मला ते पटलं.

"टावेल अंग पुसायला घेत्यात," आबा म्हणाले. "हसायला न्हाय."

मी कसला ऐकतोय! माझ्या डोक्यावर एक केस नाही (पस्तिशीच्या आतच सगळे गेले), पण मिशी अशी झुपकेदार होती की अनोळखी माणूस आधी तिला नमस्कार करायचा. खांद्यावर आमचा नवा लाल टॉवेल टाकून, मिशीला पीळ देत मी फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'रंग गेला तर मिशी उतरवीन!' फोटो सगळ्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दिवसभर हसरे चेहरे येत होते. मोडनिंबच्या भीमरावकाकांनी मात्र नुसतं 'बरं' लिहिलं.

भीमरावकाका म्हणजे आमचं पहिलं गिऱ्हाईक. आमचे दोनच माग होते तेव्हापासूनचं. लग्नसराईतला आमचा निम्मा माल त्यांच्या दुकानातून जातो. ते तुटले तर आठातले चार माग बंद, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आठव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"रंग गेला."

"कुठं, काका?"

"माझ्या धोतरात. एका बादलीत भिजवलं व्हतं. आता गुलाबी धोतर नेसून दुकानात बसू व्हय मी?"

"बदलून देतो की, काका."

"ते तू देशीलच. मिशीचं काय?"

मी हसलो. पलीकडून कुणी हसलं नाही. "काका, तो विनोद होता," मी म्हणालो.

मग काकांनी शांतपणे विचारलं, "म्हंजी रंगाचं बी इनोदच व्हता?"

आणि फोन ठेवला.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "शब्द दिलाय न्हवं? उतरव. उद्या मोडनिंबला जाऊन तोंड दाखवून ये. फोटो पाठवू नको, तुझ्या फोटोनंच झालंय हे."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आमच्याकडे मिशी एकाच प्रसंगी उतरवतात : आई-बाप गेल्यावर. "बाप जित्ता असताना मिशी काढायची म्हंजी काय? अभद्र कुठले!"

"त्यानं मी मरत न्हाय," आबा म्हणाले. मी संध्याकाळीच जाऊन उतरवून आलो.

सकाळी मोडनिंबला निघण्याआधी एमआयडीसीत चहाला थांबलो. शेजारच्या युनिटचे मल्लेशमअण्णा तिथं उभे होते. त्यांनी माझं तुळतुळीत डोकं पाहिलं, तुळतुळीत ओठ पाहिला, हातातला कप ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. मला वाटलं, किती समजूतदार माणूस! मिशीबद्दल एक शब्द विचारला नाही. मी आणखी एक चहा घेतला.

मल्लेशमअण्णांनी तेवढ्यात व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं : 'आबा गेले. मुलाला स्वतः बघितलं. कुणाला कळवलंसुद्धा नाही.'

मोडनिंबला न्यायचं नमुन्यांचं पत्र्याचं खोकं घ्यायला मी घरी परतलो, तर दारात परक्या चपला. ओसरीवर आबा कप-बशी घेऊन बसलेले आणि समोर बाजारपेठेतले दोन दुकानदार, पांढऱ्या कपड्यांत, मान खाली घालून.

"कोण गेलं?" आबांनी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "तुमी," त्यातला एक जण म्हणाला.

"कवा?"

"काल असेल. मिशी काढलेली आज दिसली."

आबांनी उरलेला चहा संपवला. "मला कुणी सांगितलं न्हाय," ते म्हणाले.

मागून आणखी पाच जण आले. दुखवट्याला मुलाला टॉवेल-टोपी द्यायची आमच्याकडे रीत आहे, त्यामुळे प्रत्येकाच्या हातात टॉवेल. आणि टॉवेल एकही आमचा नाही! आबांनी एक टॉवेल चिमटीत धरून चोळला. "कुणाचा म्हणायचा ह्यो? दोन धुण्यात पोतेरं हुईल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नमुने आण." ज्याच्यासाठी रडायला आलो तोच समोर जिवंत बसलेला असला, की त्याला नाही म्हणता येत नाही. तासाभरात सातही जणांनी ऑर्डर लिहून दिली. विक्री माझ्याकडे आल्यापासून एका दिवसात एवढं कधी झालं नव्हतं.

अकराच्या सुमाराला रिक्षा थांबली आणि भीमरावकाका उतरले. डोळे सुजलेले, काखेत टॉवेल-टोपी, नेसूला तेच गुलाबी धोतर. ऐकलं तसे मिळेल त्या गाडीनं निघाले होते, धोतर कुठलं हे कोण बघतंय. पायरीवरच त्यांना आबा दिसले. टॉवेल-टोपी हातातून गळून पडली.

"हाईस व्हय रं तू?" काका म्हणाले आणि तिथंच पायरीवर बसून लहान पोरासारखे रडायला लागले. आबा उठले, त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांचेही डोळे भरून आले होते. मी आबांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की नमुन्यातलाच एक टॉवेल तोंडाला लावून मी कोपऱ्यात उभा राहिलो.

जरा वेळानं काकांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "टावेल काढ तोंडावरचा." मी काढला. त्यांनी ओठ नीट न्याहाळला, बोटानं चाचपून पाहिला. "उतरवली की खरंच!" ते आबांकडं वळले. "माल दरसालपरमानं पाठव. पर रंग पक्का करून. आणि ह्याला बोलू देऊ नको."

मिशी पुढं महिन्याभरात भरून आली. लग्नसराई तोंडावर आली तशी एका सकाळी आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कोऱ्या ऑर्डरबुकाकडे पाहिलं, आणि दाढीचं सामान माझ्यापुढं ठेवलं. आई आतून त्यांच्या नावानं ओरडत होती.

आता विक्री माझ्याकडेच आहे. बाजारपेठेतून एक चक्कर मारायची, कुणाशी काही बोलायचं नाही, नुसतं तोंड दाखवून घरी यायचं. पाठोपाठ कुणी ना कुणी टॉवेल-टोपी घेऊन येतंच; बाकीचं आबा बघतात.